एकट्याने जेवावं तर कोलकात्यात

टीडी, कोर्स, कोर्ट ऑफ इन्क्वायरी, रजेवरून परतताना चुकलेली पुढची गाडी. फौजी माणसाच्या आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी अनोळखी शहरात, एका बॅगेसोबत, 'आता जेवायचं कुठे' या प्रश्नासमोर उभं राहण्यात जातात. एवढा सराव असूनही या बाबतीत आपण लोक कच्चेच राहतो. आपलं उत्तर ठरलेलं असतं. मेस उघडी असेल तर मेस, नाहीतर ट्रान्झिट कॅम्पचा लंगर, तोही नसेल तर खोलीवर मागवलेली डाळ फ्राय. मी असे अधिकारी पाहिले आहेत जे लखनौला तीन वर्षं राहिले आणि चौकात एकदाही जेवले नाहीत. अमृतसरला राहून कुलचा खाल्ला तो मेसच्या रविवारच्या नाश्त्याला. कॅन्टोन्मेंटच्या गेटबाहेर शहर असतं, हे आपल्याला कळतं ते बायको खरेदीला जाऊया म्हणते तेव्हा.

याचं मूळ आपल्या घडणीत आहे. खडकवासल्याच्या कॅडेट्स मेसमध्ये दीड-दोन हजार मुलं एकाच छताखाली एकाच वेळी जेवतात. सतराव्या वर्षी तिथे बसलेला मुलगा पुढे युनिटमध्ये जातो, तिथेही मेस, बडा खाना, पोस्टवर लंगरची रांग. जवानाचंही तेच. वीस-पंचवीस वर्षं आपण घोळक्यात जेवतो, घड्याळावर जेवतो, समोर येईल ते जेवतो. आज काय खावंसं वाटतंय, हा प्रश्न स्वतःला विचारायची वेळच येत नाही. निवृत्तीनंतर, मुलं परदेशी किंवा पुण्या-बंगळुरूला गेल्यावर, आणि काहींच्या बाबतीत जोडीदार गेल्यावर, हा प्रश्न अचानक समोर उभा राहतो. आमच्या युनिटमधले एक जुने सुभेदार मेजर साहेब दोन वर्षांपूर्वी फोनवर म्हणाले, "साहेब, आता कुठं जातच नाही. गेलो तरी एकट्यानं हॉटेलात बसून काय खायचं?" ज्या माणसाने लंगरमध्ये पाचशे जणांचं जेवण चाखल्याशिवाय बाहेर जाऊ दिलं नाही, तो माणूस प्रवासात पारले-जी आणि केळ्यांवर दिवस काढतो. मला हे लागलं. म्हणून हा लेख.

दोष अर्थात एकट्या माणसाचा नाही. आपल्याकडची बहुतेक हॉटेलं एकट्याला जेवू घालण्यासाठी बांधलेलीच नाहीत. पंजाबी पद्धतीच्या हॉटेलात एक भाजी मागवली की ती दोघांना पुरते. एकटा माणूस तीन रोट्या आणि तीच एक भाजी संपवत बसतो, आणि शेजारच्या टेबलावर पाच वाट्या फिरताना बघतो. एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या हॉटेलात मला "अकेले हैं सर?" असं विचारून थेट स्वयंपाकघराच्या दारालगतचं टेबल दिलं होतं. दर दोन मिनिटांनी ते दार पाठीला लागत होतं. थाळीत सोय आहे, पण थाळीत माणूस निवडत नाही, त्याला वाढलं जातं. गोडाचं तर विचारूच नका. उत्तरेतल्या एका गावात मिठाईवाल्याने मला पाव किलोच्या खाली बर्फी द्यायला नकार दिला होता. एकट्या माणसाने खोलीवर पाव किलो बर्फी नेऊन काय करायचं, देवाला ठाऊक.

या सगळ्याला माझ्या पाहण्यातला सर्वांत मोठा अपवाद म्हणजे कोलकाता. माझं मत स्पष्ट आहे. या देशात एकट्याने, थोड्या पैशात, मानाने आणि निवडून जेवायचं असेल तर कोलकात्यासारखं शहर नाही. तिथली माणसं जास्त प्रेमळ आहेत म्हणून हे असं झालेलं नाही. त्या शहराचा इतिहास आणि तिथल्या मिठाईचा कच्चा माल, या दोन्हींमुळे ते घडलं आहे.

इतिहास असा. कंपनीच्या काळापासून हे कारकुनांचं शहर. बंगालच्या खेड्यापाड्यांतून, ओडिशा-बिहारमधून पुरुष नोकरीला आणि शिकायला आले. घरदार गावी, आणि शहरात भाड्याची खाट. अशा एकट्या पुरुषांच्या सामायिक बिऱ्हाडाला तिथे 'मेसबाडी' म्हणत. ब्योमकेश बक्षीची पहिली कथा अशाच एका मेसमध्ये घडते. हजारो एकट्या माणसांना रोज दोन वेळा जेवू घालायचं, आणि तेही ज्याच्या खिशात जेवढं आहे त्यात, ही त्या शहराची गरज होती. तिच्यातून 'पाइस होटेल' जन्माला आलं. पाइस म्हणजे पैसा, त्या काळचं छोटं नाणं. आपल्या गिरगाव-लालबागच्या खानावळींचा हा बंगाली भाऊ, पण एका बाबतीत वेगळा. खानावळीत आपण महिन्याचे मेंबर असतो. पाइस होटेलात जो आत आला तो गिऱ्हाईक, आणि जे पानावर पडलं तेवढ्याचेच पैसे.

हे शब्दशः घ्या. भात वेगळा, डाळ वेगळी, भाजी वेगळी, मासा वेगळा. काही ठिकाणी केळीचं पान आणि लिंबाची फोडसुद्धा वेगळी मोजतात. मेन्यू फळ्यावर खडूने लिहिलेला, बाजारात सकाळी काय मिळालं त्यावर रोज बदलणारा. टेबलं सामायिक. तुमच्या समोर एक वकील, शेजारी एक हमाल, आणि कोणी कोणाकडे बघत नाही, कारण तिथे निम्मे लोक एकटेच आलेले असतात. वाढपी तुम्ही काय काय घेतलं ते डोक्यात ठेवतो आणि उठताना गल्ल्यावरच्या माणसाला एका दमात ओरडून सांगतो. आमच्या क्वार्टरमास्टरने हिशेब असा ठेवला असता तर ऑडिटवाल्यांचं काम हलकं झालं असतं.

यातला एकट्या माणसाचा फायदा लक्षात घ्या. पंजाबी हॉटेलात जिथे एका भाजीत अडकतो, तिथे इथे तुम्ही थोडी मुगाची डाळ, एक वाटी आलू पोस्तो म्हणजे खसखशीतला बटाटा, एक तुकडा रुई मासा मोहरीत, आणि शेवटी टोमॅटोची गोड चटणी, असं पूर्ण चार ठावांचं जेवण घेऊ शकता, आणि काहीही उरत नाही. कॉलेज स्ट्रीटला प्रेसिडेन्सीजवळ भवानी दत्त लेनमध्ये 'स्वाधीन भारत हिंदू होटेल' आहे. ते १९२७ साली साधं 'हिंदू होटेल' म्हणून सुरू झालं, देश स्वतंत्र झाल्यावर नावापुढे 'स्वाधीन भारत' लागलं. न्यू मार्केटजवळचं सिद्धेश्वरी आश्रम आणि रासबिहारीच्या बाजूचं तरुण निकेतन हीही त्याच जातकुळीची. बाराच्या सुमारास जा. दोननंतर फळ्यावरची निम्मी नावं पुसलेली असतात, आणि पुसली जातात ती चांगलीच आधी.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना, कारण आपल्या वारकरी जवानांची यात फसगत होते. "व्हेज" म्हणून भागत नाही. "निरामिष" म्हणा. नुसती डाळ मागितली तर त्यात माशाचं डोकं असू शकतं, आणि वाढणाऱ्याच्या मते ती डाळच असते. निरामिष म्हटलं की त्याला नेमकं कळतं. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी नाकात जातो, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय जेवण मिळमिळीत लागतं.

आता गोडाकडे. इथे माझा मुद्दा आणखी पक्का होतो.

आपली मिठाई खव्याची. पेढा, बर्फी, कंदी, कलाकंद. दूध आटवून त्यातलं पाणी घालवलं की ते टिकतं. टिकतं म्हणून पुडा बांधता येतो, गावी नेता येतो, किलोवर विकता येतो. बंगालची मिठाई छान्याची, म्हणजे दूध नासवून काढलेल्या ताज्या चोथ्याची. छाना टिकत नाही. उकाड्यात सकाळचा संदेश रात्री आंबूस लागू शकतो. त्यामुळे दुकानदार थोडं थोडं, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा करतो, आणि गिऱ्हाईक तिथेच उभं राहून एक खातं. बंगाली मिठाई वजनावर नाही, नगावर विकली जाते. पाटीवर दर असतो तो एका नगाचा. एक रसगुल्ला, एक संदेश, एक पांतुआ, छोट्या मातीच्या भांडात एकट्यापुरतं मिष्टी दही. कपाळाला आठी न घालता तो तुम्हाला तीन वेगवेगळ्या मिठायांचा एकेक नग सालच्या पानात ठेवून देतो. पाव किलोवाल्या आमच्या त्या मित्राला इथे आणून उभं करावंसं वाटतं.

भाषेतही एक गंमत आहे. बंगालीत 'एक नग' याला शब्द आहे 'एकटा'. लिहितात एकटा, म्हणतात अ‍ॅकटा. "दादा, एकटा दिन," म्हणजे "दादा, एक द्या." दिन म्हणजे द्या. ज्या शब्दाने आपण मराठीत हॉटेलवाल्यासमोर ओशाळतो, त्याच शब्दाने तिथे मिठाई मागायची. मी प्रत्येक मराठी जवानाला हे एक वाक्य पाठ करायला लावतो, आणि ते कोणी विसरत नाही.

छान्याचं महत्त्व किती, तर १९६५ साली दुधाच्या टंचाईत प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छान्याच्या मिठाईवर बंदी घातली होती. ती काही फार काळ टिकली नाही. रसगुल्ला कोणाचा यावर ओडिशा आणि बंगाल कितीतरी वर्षं भांडले. २०१७ मध्ये 'बांग्लार रसगुल्ला'ला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१९ मध्ये 'ओडिशा रसगुल्ला'लाही मिळालं. दोन्ही बाजूंचे जवान एका पलटणीत असले की हा वाद काढू नये, संध्याकाळ जाते. मला विचाराल तर दोन्ही वेगळे पदार्थ आहेत, आणि दोन्ही खावेत.

बंगालच्या मते पांढऱ्या स्पंजासारख्या रसगुल्ल्याचा जनक नवीनचंद्र दास, दुकान बागबाजारात. याच बागबाजाराशी आपलाही एक जुना हिशेब आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या तेव्हा, १७४२ साली, घाबरलेल्या कलकत्त्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. तोच 'मराठा डिच'. तो पुरा झालाच नाही आणि मराठेही कलकत्त्यावर आले नाहीत. पुढे तो बुजवला गेला, पण बागबाजारात 'मराठा डिच लेन' अजून आहे. बंगालमध्ये आजही 'बर्गी' हा शब्द आयांच्या तोंडी लहान मुलांना भीती घालण्यापुरता शिल्लक आहे, आणि ही भीती हवेतून आलेली नव्हती, हे मराठी माणसाने तिथे जेवताना माहीत असलेलं बरं. मी त्या गल्लीच्या तोंडाशी रसगुल्ला खाल्ला आहे. दुकानदाराने गाव विचारलं, मी सातारा सांगितलं, तो हसला आणि म्हणाला, "बर्गी! आणखी एक घ्या."

दुकानांची यादी देणार नाही. याद्या फोनवर ढीगभर आहेत आणि सगळ्या एकमेकींची नक्कल आहेत. पण दोन नावं सांगतो. बहुबाजारच्या बाजूला भीमचंद्र नाग. आत भिंतीवर कुक अँड केल्वीचं जुनं घड्याळ आहे, त्याच्या तबकडीवर आकडे बंगाली. लेडी कॅनिंगच्या नावावरून पडलेली 'लेडीकेनी' इथलीच, असं सांगतात. दुसरं, उत्तर कोलकात्यातलं गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी यांचं दुकान, सगळे नुसतं 'नकुड' म्हणतात. बसायला जागा नाही, लोखंडी गजांच्या आडून संदेश मिळतो, आणि तो तुम्ही गल्लीत उभं राहून खाता. तिथे जलभरा संदेश घ्या. आत पातळ गोड पाक असतो, पहिला घास सावधपणे घ्यायचा, नाहीतर तो शर्टावर येतो. नरम पाक आणि कडा पाक असे संदेशाचे दोन प्रकार. खायचा असेल तर नरम, घरी न्यायचा असेल तर कडा.

या दोन नावांवर अडून बसायचंही कारण नाही. कोलकात्यात कुठल्याही मोहल्ल्याच्या नाक्यावर मिठाईचं दुकान असतं. माझी रेकी साधी आहे. पाच मिनिटं समोर उभं राहायचं. शेजारपाजारचे लोक घरच्या कपड्यांत, हातात रिकामा डबा घेऊन येत असतील तर आत जायचं. मग "आत्ता काय ताजं निघालं?" एवढंच विचारायचं. जे नाव तो सांगेल ते खायचं, आपल्याला काय हवं होतं ते विसरायचं.

दिवसाच्या बाकीच्या वेळाही एकट्यासाठीच नेमून दिल्यासारख्या आहेत. सकाळी कोचुरी आणि छोलार डाळ, म्हणजे नारळाचे काप घातलेली किंचित गोड हरभऱ्याची डाळ. कोकणातल्या माणसाला ती पहिल्या घासात ओळखीची वाटते. त्यावर जिलिपी. रविवारी भल्या पहाटे उठू शकलात तर तिरेट्टा बाजारात चिनी कुटुंबांचा नाश्ता असतो, वाफाळते बाव आणि माशाच्या गोळ्यांचं सूप. पीटीची सवय असलेल्यांनीच जावं, उशिरा उठणाऱ्यांसाठी तिथे काही उरत नाही. संध्याकाळी फुचका. मुंबईच्या पाणीपुरीतला रगडा विसरा, इथे कुस्करलेला बटाटा, चिंचेचं पाणी आणि गंधराज लिंबाचा वास. फुचकावाल्याभोवतीच्या गोलात एकटा आलेला आणि चौघं आलेले यांत काही फरक नसतो, पाळी सगळ्यांची येते. रात्री काठी रोल, जो मुळातच एका हाताचं जेवण आहे. किंवा बिर्याणी. १८५६ मध्ये अवधचं राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह मटियाबुर्जला येऊन राहिले, त्यांच्यामागून खानसामे आले आणि त्यांच्याबरोबर ही बिर्याणी. एका प्लेटमध्ये भात, मटणाचा एक मोठा तुकडा, एक अख्खा बटाटा. बटाटा का आला यावर तिथले लोक तासभर वाद घालतात. मला एवढंच दिसतं की ती प्लेट एका माणसाची आहे.

आता माझं मुख्य गाऱ्हाणं. आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूरच्या मुलांना ईशान्येकडच्या पोस्टिंगला जाताना हावडा चुकत नाही. पुण्याहून आझाद हिंद, मुंबईहून गीतांजली, मग हावडा किंवा सियालदहहून पुढची गाडी. मध्ये सहा, आठ, कधी बारा तास. त्या वेळात ही मुलं काळ्या ट्रंकेवर बसून राहतात, प्लॅटफॉर्मवरचा ब्रेड पकोडा खातात आणि फोन बघतात. कोणीतरी सीनियर सांगितलेला असतो, "स्टेशन सोडू नको, लुटतील." हत्यार सोबत असेल किंवा ड्यूटीवर असाल तर प्रश्नच नाही, जागेवरून हलायचं नाही. पण रजेवरून एकट्याने परतणाऱ्या मुलाला अडवायचं कारण काय? सामान क्लोकरूममध्ये टाकायचं. समोरच्या घाटावरून लाँच पकडायची, ती शोभाबाजार-बागबाजारकडे जाते. किंवा मेट्रो, जी २०२४ पासून हुगळीच्या पोटातून थेट एस्प्लनेडला नेते. पाइस होटेलात जेवण, दोन संदेश, एक चहा, आणि चार तासांत परत. ज्या देशाच्या सीमेवर तो उभा राहणार आहे, त्यातलं एक शहर तरी त्याने चाखलेलं असेल. मी कमांड करत होतो तेव्हा रजेच्या ब्रीफिंगमध्ये हे सांगायचो. सुरुवातीला मुलं हसली. नंतर परत येताना मातीच्या भांडात दही घेऊन येऊ लागली, आणि ते दही सिलिगुडीपर्यंत पोचता पोचता कसं व्हायचं ते विचारू नका.

निवृत्त मंडळींना तर माझा आग्रहच आहे. गंगासागरला जाताना, मुलाकडे गुवाहाटीला जाताना, कोलकात्याला एक मुक्काम वाढवा. फोर्ट विल्यमला आता 'विजय दुर्ग' म्हणतात, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्याचं नाव. तो बाहेरून बघून घ्या, पण जेवायला आत ओळख काढू नका. बाहेर जेवा. सुभेदार मेजर साहेबांना मी हेच सांगितलं आहे. मधुमेह असेल तर डॉक्टरांचं ऐका, पण नगावर विकणाऱ्या शहराचा हाही फायदा असतो की एकावर थांबता येतं.

आणि जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा खजुराच्या रसाचा ताजा गूळ, नोलेन गुड, येतो आणि संदेशाचा रंगच बदलतो. मार्चनंतर कोणी नोलेन गुडाचा म्हणून दिला तर फार विश्वास ठेवू नका. त्या दिवसांत दही घ्या.